पेशींना रंगवणारा वैद्य : पॉल एर्लिख

पेशींचे संवर्धन करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये बहुतेक प्रयोगांची सुरुवात एका निळ्या थेंबाने होते. बाटलीत वाढवलेल्या पेशींचा थोडा द्रव घेऊन त्यात तेवढाच ट्रिपॅन ब्लू हा रंग मिसळला जातो आणि ते मिश्रण मोजणीच्या जाड काचपट्टीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले जाते. जिवंत पेशीचे आवरण अभंग असते. ती रंगाला आत येऊ देत नाही आणि स्वच्छ, चमकदार दिसते. मेलेल्या पेशीच्या आवरणाला ही शक्ती उरलेली नसते. ती निळी होते. शंभरातील किती पेशी जिवंत आहेत याचा हिशेब अशा रीतीने काही मिनिटांत लागतो. मात्र मोजणी लगेच करावी लागते. वेळ लावला तर हा रंगच जिवंत पेशींना अपाय करू लागतो आणि आकडा चुकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेपासून लस बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत परिचित असलेल्या या पद्धतीमागे एक जुना विचार आहे. रंगाचा कण पेशीशी कसा वागतो हे नीट पाहिले तर ती पेशी कोणती आहे, ती जिवंत आहे काय आणि तिच्यावर औषध चालेल काय, हे तिघे प्रश्न सुटू शकतात, असा तो विचार होय. त्याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा करणारे संशोधक म्हणजे जर्मन वैद्य पॉल एर्लिख. रक्तपेशींची ओळख, क्षयरोगाच्या जंतूची तपासणी, रक्तद्रवाच्या शक्तीचे मोजमाप आणि उपदंशावरील पहिले परिणामकारक रासायनिक औषध, इतकी कामे त्यांच्या नावावर आहेत. या सर्वांच्या मुळाशी रंगांच्या बाटल्या होत्या.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील स्ट्रेलेन या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव स्ट्शेलिन असे आहे. वडील मद्यनिर्मितीच्या व्यवसायात होते. आई रोझा या वायगर्ट घराण्यातील. त्यांचा भाचा कार्ल वायगर्ट हा पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता आणि पुढे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाला. शरीराच्या ऊतींचे पातळ काप रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विद्या या मामेभावाकडूनच पॉलला मिळाली.

काळही अनुकूल होता. एर्लिख दोन वर्षांचे असताना, १८५६ मध्ये, इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा कृत्रिम रंग तयार केला. पुढील दोन-तीन दशकांत जर्मनीत रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. कापड रंगवण्यासाठी बनलेले हे शेकडो नवे रंग वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन पोहोचले, आणि ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, लाइपझिग अशी विद्यापीठे फिरणाऱ्या एर्लिख यांना जणू आपला विषय सापडला. स्ट्रासबुर्गमध्ये त्यांचे टेबल रंगांच्या डागांनी इतके भरलेले असे की त्यांचे अध्यापक वाल्डायर यांचे लक्ष त्यांच्याकडे त्यामुळेच गेले. सामान्य अभ्यासक्रमात मात्र ते फारसे चमकले नाहीत.

१८७८ मध्ये लाइपझिग येथे त्यांनी पदवीसाठी प्रबंध सादर केला तो ऊती रंगवण्याच्या शास्त्रावर आणि पद्धतीवर. रंग पेशीला निव्वळ चिकटत नाही, तर त्याचा पेशीतील द्रव्याशी रासायनिक संबंध जडतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. याच सुमारास त्यांनी मास्ट पेशींचे वर्णन केले. ॲलर्जीच्या विकारांत या पेशींचा मोठा वाटा असतो हे पुढे कित्येक वर्षांनी कळले.

रक्ताच्या थेंबातील विविधता

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिख्स या उदार मनाच्या वैद्यांच्या हाताखाली एर्लिख यांना मनाजोगे काम करता आले. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, तो वाळवून उष्णतेने पक्का करायचा आणि मग त्यावर आम्लधर्मी, अल्कधर्मी व उदासीन रंग चालवायचे, अशी त्यांची पद्धत होती. तोपर्यंत पांढऱ्या पेशी म्हणून एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार त्यातून स्पष्ट झाले. इओसिन या तांबड्या रंगाला धरणाऱ्या पेशींना इओसिनोफिल हे नाव १८७९ मध्ये त्यांनीच दिले. आज कोणत्याही शहरातील तपासणी केंद्रात मिळणाऱ्या रक्ताच्या अहवालात न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल असे जे रकाने असतात, ते या कामाचे फलित आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. सभागृहात एर्लिख उपस्थित होते. कॉख यांची रंगवण्याची पद्धत वेळखाऊ होती. जंतूला रंग धरायला संपूर्ण दिवस लागे. एर्लिख यांनी तात्काळ कामाला हात घातला. ॲनिलिन मिसळलेल्या पाण्यात त्यांनी रंग विरघळवला आणि नंतर तीव्र आम्लाने काच धुतली. इतर सर्व वस्तूंचा रंग निघून गेला, क्षयाच्या जंतूचा मात्र टिकला. या जंतूच्या मेणचट आवरणाचा हा गुण पुढे आम्लस्थायित्व म्हणून प्रसिद्ध झाला. या कामाशी जोडलेली एक आख्यायिका आहे. वाळत ठेवलेल्या काचपट्ट्या थंड शेगडीवर राहिल्या, सकाळी मोलकरणीने ती पेटवली आणि त्या उष्णतेने जंतू अधिक ठळक रंगले, असे सांगितले जाते. आख्यायिकेचे काहीही असो, पद्धत टिकली. त्सील आणि नेल्सेन यांनी लगेचच तीत सुधारणा केल्या. बेडक्याची काचपट्टी तांबडी रंगवून क्षयरोग ओळखण्याची ही रीत भारतातील हजारो आरोग्य केंद्रांनी अनेक दशके वापरली आहे. अलीकडे जनुकीय चाचण्यांवर भर वाढला, तरी ती कालबाह्य झालेली नाही.

१८८३ मध्ये हेडविग पिंकुस यांच्याशी एर्लिख यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

जिवंत पेशी रंगाचे काय करते?

रंगवलेली पेशी ही सामान्यतः मेलेली पेशी असे. उष्णतेने किंवा रसायनाने तिला आधी पक्के केलेले असे. एर्लिख यांनी हा क्रम उलटवला. त्यांनी रंग जिवंत प्राण्याच्या शरीरात टोचले आणि त्यांचे पुढे काय होते ते पाहिले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषय शरीराची प्राणवायूची गरज हा होता. त्यासाठी त्यांनी ॲलिझारिन ब्लू आणि इंडोफेनॉल ब्लू हे दोन रंग निवडले, कारण प्राणवायू काढून घेतला की हे रंग फिके पडतात. काही अवयवांत रंग टिकला, तर काहींनी तो नाहीसा केला. म्हणजे जिवंत ऊती स्वतःच्या रासायनिक व्यवहाराने रंग बदलत होत्या. पेशीच्या श्वसनाचे हे डोळ्यांना दिसणारे माप होते.

या पुस्तकाची चर्चा एर्लिख यांच्या इतर कामांच्या मानाने कमी होते, ते योग्य नाही. पेशी जिवंत आहे काय हे तपासण्याचे आजचे दोन प्रमुख मार्ग आहेत. एकात आवरण अभंग आहे का ते पाहतात. ट्रिपॅन ब्लू त्यातला. दुसऱ्यात पेशीचे चयापचय चालू आहे का ते पाहतात. १९८३ मध्ये पुढे आलेल्या एमटीटी चाचणीत पिवळे द्रव्य जिवंत पेशींच्या व्यवहाराने जांभळे होते आणि रंगाच्या गडदपणावरून जिवंत पेशींचा अंदाज बांधला जातो. द्रव्य निराळे, रंगबदलाची दिशा निराळी, पण जिवंतपणाची साक्ष रंगाकडून घेण्याची कल्पना १८८५ च्या त्या प्रयोगांशी नाते सांगणारी आहे. मद्यनिर्मितीत यीस्ट जिवंत आहे का ते पाहण्यासाठी मेथिलीन ब्लू वापरतात. मेलेले यीस्ट निळे राहते, जिवंत यीस्ट रंगहीन दिसते.

मेथिलीन ब्लू हा तर एर्लिख यांचा आवडता रंग. १८८६ मध्ये त्यांनी तो जिवंत प्राण्यांत टोचला आणि मज्जातंतूंची सूक्ष्म टोके निळी होऊन उठून दिसली. अन्य काही रंग टोचल्यावर सारे शरीर रंगे, पण मेंदू कोरा राहत असे. रक्त आणि मेंदू यांच्यात अडसर आहे या ज्ञानाची ती पहिली खूण होती. स्वतः एर्लिख यांनी तिचा अर्थ निराळा लावला होता. मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी, असे त्यांना वाटले.

फ्रेरिख्स यांचे १८८५ मध्ये निधन झाले आणि रुग्णालयातील एर्लिख यांचे दिवस पालटले. नव्या प्रमुखांना प्रयोगांपेक्षा रुग्णसेवेची अपेक्षा होती. त्यातच १८८८ मध्ये एर्लिख यांना क्षयाने गाठले. स्वतःच्या बेडक्यातील जंतू त्यांनी स्वतःच्याच पद्धतीने रंगवून पाहिले. कोरड्या हवेसाठी ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले. हाताशी नोकरी नव्हती, म्हणून बर्लिनमध्ये भाड्याच्या जागेत त्यांनी लहानशी प्रयोगशाळा मांडली.

गुंजेचे विष आणि रक्तद्रवाचे माप

या काळातील त्यांच्या प्रयोगांत मराठी वाचकांच्या परिचयाच्या दोन वस्तू आढळतात. एक एरंडाची बी, दुसरी सोनारांच्या तराजूतील गुंज. एरंडातील रायसिन आणि गुंजेतील ॲब्रिन ही तीव्र विषे त्यांनी उंदरांना अत्यल्प मात्रेपासून क्रमाने वाढवत दिली. काही आठवड्यांत हे उंदीर एरवी जीवघेण्या ठरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट विष पचवू लागले. एका विषाविरुद्ध आलेली शक्ती दुसऱ्या विषापुढे मात्र निरुपयोगी ठरे. पुढे त्यांनी हाच झगडा शरीराबाहेर, परीक्षानळीत मांडला. रायसिनमुळे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात. प्रतिरोधक रक्तद्रव मिसळला की होत नाहीत. विष आणि प्रतिविष यांचे बळ प्राण्याविना, केवळ पेशींवर तोलता येते हे त्यातून दिसले.

१८९० नंतर कॉख यांनी त्यांना आपल्याकडे जागा दिली. त्या वेळी एमिल फॉन बेरिंग घटसर्पावर रक्तद्रवाचा उपचार शोधत होते. कल्पना बेरिंग यांची होती, परंतु प्रत्येक खेपेच्या रक्तद्रवाची शक्ती निराळी भरत असल्याने रुग्णाला किती द्यावा हे ठरत नव्हते. एर्लिख यांनी त्याला माप दिले. अडीचशे ग्रॅम वजनाच्या गिनिपिगला चार दिवसांत मारणारी विषाची मात्रा त्यांनी आधार मानली. विष साठवणीत दुबळे होते, पण प्रतिविषाला बांधून घेण्याची त्याची शक्ती कायम राहते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी प्रमाण म्हणून विष न ठेवता प्रतिविष ठेवले. ते वाळवून, हवा काढलेल्या नळीत बंद करून जपले जाई आणि त्याच्याशी ताडून नवी खेप पारखली जाई. मीटर किंवा किलोग्रॅमचा नमुना जपावा तसाच हा प्रकार. जैविक औषधांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांची रीत येथून सुरू झाली.

घटसर्पाच्या औषधाच्या श्रेयावरून आणि उत्पन्नावरून बेरिंग आणि एर्लिख यांच्यात कटुता आली. १९०१ चे पहिले वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या बेरिंग यांना मिळाले. एर्लिख यांना ते १९०८ मध्ये, इल्या मेचनिकॉफ यांच्यासमवेत, रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी देण्यात आले. पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट द्रव्यांना धरणारी अंगे असतात आणि विष त्यांतच अडकते, हा त्यांचा सिद्धांत अनेक तपशिलांत चुकला, पण आज ज्यांना ग्राहक रेणू म्हणतात त्यांची कल्पना त्यात स्पष्ट आहे.

१८९९ पासून त्यांचा मुक्काम फ्रांकफुर्ट येथे होता. १९०६ मध्ये फ्रान्सिस्का श्पायर या विधवा महिलेच्या देणगीतून शेजारीच रासायनिक औषधांच्या शोधासाठी गेओर्ग श्पायर हाउस ही संस्था उभी राहिली. एर्लिख यांच्या खोलीत खुर्च्यांवर, टेबलांवर कागदांचे आणि पुस्तकांचे ढीग असत. प्रयोगाच्या टेबलावर रंगांच्या व रसायनांच्या बाटल्यांची दाटी असे, मोठी उपकरणे जवळजवळ नसत. सिगारची पेटी काखेत असे आणि दिवसाला पंचवीसपर्यंत जहाल सिगार संपत. सहकाऱ्यांना रोजची कामे ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून देत. त्या चिठ्ठ्यांप्रमाणेच काम व्हावे याविषयी हा एरवी मृदू स्वभावाचा माणूस कमालीचा हट्टी होता.

सहाशे सहा

रंग जर विशिष्ट पेशीलाच धरतो, तर जंतूला धरणारा आणि रुग्णाच्या पेशींना न धरणारा विषारी रेणू बनवता का येऊ नये? या एका प्रश्नावर एर्लिख यांनी आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे खर्च केली. १८९१ मध्येच त्यांनी पॉल गुटमान यांच्याबरोबर हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिले होते. १९०४ मध्ये जपानी सहकारी कियोशी शिगा यांच्यासह त्यांनी ट्रिपॅन रेड हा रंग उंदरांतील ट्रिपॅनोसोम जंतूंवर यशस्वी ठरवला. रंगाचे नावच त्या जंतूवरून आले. लगोलग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेनिल आणि निकोल यांनी याच कुळातील ट्रिपॅन ब्लू पुढे आणला. औषध म्हणून त्याला माणसांत स्थान मिळाले नाही. पेशींच्या प्रयोगशाळेत मात्र मिळाले.

त्यानंतर एर्लिख रंगांकडून आर्सेनिकच्या संयुगांकडे वळले. ॲटॉक्सिल या औषधाची खरी रासायनिक रचना त्यांनी आल्फ्रेड बेर्थाइम यांच्यासह १९०७ मध्ये निश्चित केली आणि तिच्यात फेरफार करून एकामागून एक संयुगे बनवली. ६०६ क्रमांकाचे संयुग त्याच सुमारास तयार झाले होते, पण एका सहायकाने ते निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले. १९०९ मध्ये टोकियोहून साहाचिरो हाता आले. सशांत उपदंश निर्माण करण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. एर्लिख यांनी त्यांना जुनी संयुगे पुन्हा तपासायला सांगितली आणि सहाशे सहा टोचलेल्या सशांच्या जखमा भरून आल्या. पहिली चूक रेण्वीय रचनेत नव्हती, तपासणीत होती. असे आणखी किती रेणू त्या कपाटांत पडून राहिले असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

माणसांवरील पहिल्या चाचण्यांपूर्वी दोन डॉक्टरांनी ते स्वतःला टोचून घेतले. एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेन येथील परिषदेत शोध जाहीर झाला. उपदंशाने अंधत्व, वेड आणि मृत्यू येत. पाऱ्याखेरीज उपाय नव्हता. फ्रांकफुर्टमध्ये डॉक्टरांची रीघ लागली. सुमारे पासष्ट हजार मात्रा डॉक्टरांना विनामूल्य वाटून, त्यांचे अहवाल मागवल्यानंतरच होख्स्ट कंपनीने वर्षअखेरीस साल्व्हारसान या नावाने औषध बाजारात आणले.

पण या पिवळ्या पुडीचे नखरे फार होते. हवा लागताच तिचे विषारीपण वाढे, म्हणून ती हवाबंद कुपीतच ठेवावी लागे. कुपी फोडली की विरघळवून, सोड्याने आम्लता घालवून तत्काळ शिरेतून द्यावी लागे. अनेक रुग्णांना टोचल्यानंतर थंडी वाजून ताप भरे. १९११ मध्ये बर्लिनचे वेक्सेलमान यांनी दोष औषधाकडून काढून पाण्याकडे नेला. ऊर्ध्वपातित म्हणून वापरले जाणारे पाणी साठवणीत जंतूंनी दूषित झालेले असे. पाणी उकळले तरी जंतूंची अवशिष्ट द्रव्ये ताप आणत. अंतःक्षेपणाच्या पाण्यासाठी आज जे कडक नियम आहेत, त्यांची गरज या अनुभवातून प्रथम ठळकपणे पुढे आली.

सारेच अपघात पाण्यामुळे नव्हते. काही रुग्ण दगावले, काहींची दृष्टी किंवा श्रवणशक्ती गेली. एर्लिख प्रत्येक घटनेचा तपशील मागवत आणि अस्वस्थ होत. १९१२ मध्ये त्यांनी वापरायला सोपे असलेले निओसाल्व्हारसान दिले, पण टीका थांबली नाही. तिच्यात प्रामाणिक शंका होत्या, तसाच ज्यूद्वेषही होता. हे औषध गणिकांवर बळजबरीने वापरले जाते, असा आरोप फ्रांकफुर्टच्या एका वृत्तपत्राच्या प्रकाशकाने केला. १९१४ मध्ये खटला चालला, एर्लिख यांची साक्ष झाली आणि प्रकाशकाला बदनामीबद्दल एका वर्षाची कैद झाली. औषध वाचले, पण एर्लिख यांची प्रकृती ढासळली होती.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ऑक्टोबरमध्ये जर्मन सैन्याच्या कृत्यांचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर एर्लिख यांचीही स्वाक्षरी होती. जपान, फ्रान्स आणि इंग्लंडमधील सहकाऱ्यांशी आयुष्यभर पत्रव्यवहार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या चरित्रातील हे पान खुपणारे आहे. वर्षाच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या झटक्याने २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रांकफुर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

उपदंशावर पेनिसिलिन येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, त्यांचेच औषध मुख्य राहिले. त्या औषधातील आर्सेनिकचे अणू परस्परांशी कसे जोडलेले असतात याविषयीचे एर्लिख यांचे चित्र बरोबर नव्हते. साल्व्हारसान हे कड्यांच्या आकाराच्या लहानमोठ्या रेणूंचे मिश्रण असल्याचे न्यूझीलंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

नाझी राजवटीत एर्लिख यांचे नाव पुसण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. फ्रांकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरवण्यात आली. वृद्ध हेडविग यांना देश सोडावा लागला. १९४८ मध्ये त्यांचा मृत्यू अमेरिकेत झाला. युद्धानंतर रस्त्याला पुन्हा ते नाव मिळाले, तर लसी आणि रक्तद्रव पारखणारी त्यांची संस्था आज पॉल एर्लिख इन्स्टिट्यूट या नावाने लांगेन येथे काम करते. युरो चलन येईपर्यंत जर्मनीच्या २०० मार्कच्या नोटेवर एर्लिख यांचे चित्र होते, आणि मागच्या बाजूला एक सूक्ष्मदर्शक.